'जाऊ दे' म्हटलं आणि गाडी निघाली

गेल्या शनिवारी इथे आखातात, रास अल खैमामध्ये एका दिवसात तीन डिझेल पिकअप चालवून बघितल्या. म्हणजे चालवल्या माझ्या नवऱ्याने, नासिरने... मी मागच्या सीटवर बसून मत देत होते, जे कोणी मागितलं नव्हतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते... नासिर फायबरच्या बोटी दुरुस्त करतो. त्याचे वडील रत्नागिरीकडे लाकडी होड्या बांधायचे, हा इथे खाडीजवळ वर्कशॉप चालवतो. बोट ट्रेलरवर घ्यायची आणि पाण्यात उतरणाऱ्या सिमेंटच्या रॅम्पवरून वर ओढून आणायची, हे त्यातलं सगळ्यात कठीण काम.

थंडीत आमची जुनी गाडी त्याच रॅम्पवर बोटीसकट मागे घसरली. शेवाळावर चाकं नुसती फिरत राहिली आणि मागचा भाग पाण्यात गेल्यावर कुठे ती थांबली. कोणाला काही झालं नाही, पण गाडी गेली... आणि तेव्हापासून नासिर रॅम्पवर गाडी घेऊन उतरलाच नाही. भाड्याची गाडी बोलवायचा आणि बोट वर येईपर्यंत तोंड फिरवून उभा राहायचा.

त्यातच टाइल्सच्या एका फॅक्टरीतून स्टोअरकीपरच्या नोकरीसाठी विचारणा झाली. मला ती मनापासून आवडली होती... एसी, ठरलेली सुट्टी, डोक्याला ताप नाही. नासिर हो म्हणेना, नाही म्हणेना. शेवटी म्हणाला, एकदा हेवी ड्यूटी डिझेल बघू, मनासारखी मिळाली तर वर्कशॉप, नाहीतर खलास.

पहिली गाडी शोरूममधली, कोरी करकरीत. इतकी उंच, की पायरीवर एक पाय ठेवल्यावर दुसऱ्याचं काय करायचं याचा मी जरा वेळ विचार करत उभी होते. आत सीटमधून गार हवा येत होती... किंमत ऐकून मी मनात रुपये करायला घेतले आणि सोडून दिलं.

नासिरने इंग्लिशमध्ये विचारलं, हाऊ इज द पिकअप? आपल्याकडे पिकअप म्हणजे गाडी किती झटकन वेग घेते ते... पण सेल्समन फिलिपिनो होता. त्याने बॉनेटवर प्रेमाने हात ठेवला आणि म्हणाला, येस सर, धिस इज द पिकअप. मी खिडकीबाहेर बघत हसून घेतलं.

हायवेवर गाडी अशी चालली, की इंजिन चालू आहे का अशी शंका यावी. पण मागे ट्रेलर लावून बघू का म्हटल्यावर सेल्समनचा चेहरा पडला. पॉलिसीत बसत नाही म्हणे.

दुसरी थोडी वापरलेली. अॅक्सिलरेटर दाबला, की क्षणभर विचार करायची आणि मग पाठीत धक्का मारून निघायची. मागे वजन नाही, म्हणून प्रत्येक स्पीड ब्रेकरवर माझे दात वाजत होते. तिथेही ट्रेलरला नकारच... रिकामी गाडी काय, कुठलीही पळते, असं पुटपुटत नासिर उतरला.

तिसरी एका खानसाहेबांच्या यार्डात होती. जुन्या डिझेल गाड्यांचा त्यांचा धंदा. उन्हाने टपाचा रंग उडालेला, सीटला घरी शिवल्यासारखं कव्हर... मला ती बघताक्षणी नापसंत. पण ट्रेलरचं विचारल्यावर खानसाहेब किल्ली पुढे करत म्हणाले, "यल्ला, बोट लगाओ. मैं साथ बैठेगा."

आता पळवाट उरली नव्हती. आम्ही खाडीवर आलो, ओहोटी होती, रॅम्पवर हिरवं शेवाळ चमकत होतं. नासिरने गाडी रिव्हर्समध्ये घेऊन ट्रेलर पाण्यात उतरवला, वर्कशॉपच्या माणसांनी बोट त्यावर चढवून बांधली... आणि नासिर ब्रेकवर पाय ठेवून बसला तो बसलाच.

इंजिन घरघरत होतं. खानसाहेब पुढच्या सीटवर शांतपणे तसबीहचे मणी ओढत जप करत होते. मला मागून नासिरची मान दिसत होती, घामाने भिजलेली... एसी चालू असताना.

मला फार वाईट वाटलं. कशासाठी हे सगळं, असं वाटलं. गाडी खानसाहेबांना परत करू, नोकरी धर, घरी जाऊन निवांत जेवू... हे सगळं मला म्हणायचं होतं. मी पुढे वाकले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि एवढंच म्हणाले, "जाऊ दे, नासिर."

त्याने मान हलवली... आणि ब्रेक सोडला.

गाडी इंचभर मागे गेली, थांबली आणि मग वर निघाली, एका दमात. मागे बोटीतून पाणी निथळत होतं आणि चाकं कुठेही घसरली नाहीत. वर पोचल्यावर खानसाहेब फक्त "माशाल्ला" म्हणाले.

नासिरने इंजिन बंद केलं आणि मागे वळून माझ्याकडे बघितलं. कितीतरी महिन्यांनी त्याचा चेहरा असा मोकळा दिसत होता. "तू जाऊ दे बोललीस म्हणून सोडला ब्रेक," तो म्हणाला, "नायतर मी गाडीतून उतरणारच होतो."

मी हसले.

गाडी घेतली. तीच, रंग उडालेली. फॅक्टरीला नासिरने फोन करून नाही म्हणून कळवलं आणि मला त्याचं जेवढं दुःख होईल असं वाटलं होतं, तेवढं झालं नाही.

मला काय म्हणायचं होतं ते मी त्याला अजून सांगितलेलं नाही. तो फेसबुक बघत नाही, लेकीला मराठी वाचता येत नाही, त्यामुळे इथे लिहायला हरकत नाही.

काल पुन्हा एक बोट वर घ्यायची होती आणि मी डबा द्यायला गेले होते. त्याने ब्रेकवर पाय ठेवला, खिडकीतून मान बाहेर काढली आणि माझी वाट बघत थांबला.

मी म्हटलं, जाऊ दे... आणि या वेळी मला तेच म्हणायचं होतं.