उलटा तक्ता

आता तुमचा चहा होईपर्यंत सांगून टाकते, पण हसायचं नाही हं. म्हणजे हसालच तुम्ही, मला माहितीये. अहो, स्वतः खणलेल्या खड्ड्यात स्वतःच, तेही हात जोडून उतरलेली बाई आहे मी!

मी नाशिकहून रोज हरसूलकडच्या एका छोट्या शाळेत शिकवायला जाते. शाळा चौथीपर्यंतची, संगणक नाही. आणि एक दिवस बातमी आली की आमच्या भागातल्या एका शाळेला संगणक मिळणार. आमच्या हेडसरांनी तर ध्यासच घेतला.

"मॅडम, काहीतरी करा, पण तालुक्याच्या साहेबांच्या नजरेत भरलं पाहिजे. आपल्या पोरांनी संगणक नुसता चित्रात बघितलाय हो!"

मलाही ते लागलं. मग काय, संगणक नसताना संगणक शिकवायचा! पहिला धडा सोपा. मी विचारायचं, "स्वतः विचार न करता, सांगितलं तेवढंच करतं, ते कोण?" पोरांनी ओरडायचं, "संगणक!"

दुसरा धडा सूचनांच्या क्रमाचा. त्यासाठी मी हात धुण्याचा तक्ता केला, मुद्दाम उलटा. आधी टॉवेलने हात पुसा, मग खिचडी खा, मग साबण लावा, शेवटी नळ बंद करा. नळ उघडायचा पत्ताच नाही! ज्याला चूक दिसेल त्याने "चूक सापडली!" म्हणायचं आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. पोरं जाम खूश.

म्हटलं, इतकी छान गोष्ट आपल्यापाशीच कशाला ठेवायची? आजूबाजूच्या शाळांतल्या शिक्षकांचा आमचा ग्रुप आहे, त्यावर तक्त्याचा फोटो टाकला. आणि खाली वेगळा मेसेज लिहिला, "यात मुद्दाम चुका केल्यात, मुलांना शोधायला सांगा."

वेगळा मेसेज! इथेच माशी शिंकली. फोटो या ग्रुपवरून त्या ग्रुपवर करत पार तालुक्यापर्यंत गेला आणि मेसेज राहिला जिथल्या तिथे. पण हे मला तेव्हा कुठे ठाऊक?

आमच्या रस्त्याला मोबाइलची रेंज घाटातल्या एकाच वळणावर येते. जीप तिथून जाईपर्यंत सगळे मेसेज धबाधबा येऊन पडतात आणि तेवढ्यातच उत्तरं द्यायची असतात. एका सकाळी तालुक्याचा मेसेज आला, 'सोबतचा हात धुण्याचा उपक्रम सर्व शाळांनी राबवून तसे कळवावे.' फोटो काही उघडेना, नुसतं गोल गोल फिरत राहिलं. पण वरून आलेलं कोणी वाचत बसतं का? तुम्हीच सांगा! मी लिहून टाकलं, "उपक्रम राबवला. अतिशय उपयुक्त. धन्यवाद." जीप वळली, रेंज गेली, विषय संपला.

कसला संपतोय! दुसऱ्या दिवशी हेडसर धावत वर्गात आले.

"मॅडम, साहेब येतायत! अख्ख्या तालुक्यात पहिलं उत्तर आपलं होतं म्हणे!"

"कसलं उत्तर, सर?"

"ते तुम्हालाच ठाऊक. पण संगणक आलाच समजा!"

मला काही उमगेना. साहेब आले ते नेमके खिचडीच्या वेळेला. पोरं नळापाशी रांगेत. साहेबांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला.

"चला मुलांनो, मॅडमनी करून घेतलंच आहे तुमच्याकडून. पहिलं, टॉवेलने हात पुसा."

मी चमकले. हे कुठंतरी ऐकल्यासारखं वाटतंय की!

"दुसरं, खिचडी खा."

पोरं माझ्याकडे बघायला लागली. साहेब असं उलटं का वाचतायत? पण साहेबच सांगतायत म्हटल्यावर मी आपली मान डोलावली! पोरं मळक्या हातांनीच ताटांकडे निघाली, तेवढ्यात तिसरीतली सोनाली ओरडली, "आवं मॅडम, ह्ये तर उलटं हाय! चूक सापडली!"

सगळ्या शाळेने टाळ्या वाजवल्या. हेडसरांनीही वाजवल्या, त्यांना वाटलं साहेबांचं स्वागत चाललंय.

साहेब लालबुंद. "कसली चूक? तालुक्याने काढलेला कागद आहे हा. मुळात केला कोणी?"

"मॅडमनी," सोनाली म्हणाली. "आमच्या वर्गात टांगलाय ना!"

साहेब वर्गात जाऊन तक्ता बघून आले.

"मॅडम, हे तुम्ही केलंत?"

"हो साहेब. त्यातल्या चुका मुद्दाम केल्यात."

"मग 'राबवला, अतिशय उपयुक्त' असं कोणी कळवलं?"

"मीच, साहेब."

"वाचून?"

"रेंज नव्हती, साहेब..."

गेला संगणक! पोरांच्या हातातोंडाशी आलेला घास माझ्या वेंधळेपणाने गेला म्हणून मला अगदी रडू यायला लागलं.

साहेबांनी पुन्हा एकदा कागद उघडला. खाली सही त्यांचीच होती. त्यांनी त्याची बारीक घडी केली, खिशात खोल सारली आणि म्हणाले, "संगणक इथेच पाठवतो. निदान या पोरांना तरी चूक दिसते."

आला हो संगणक! नारळ फोडला, साहेब आले, सगळा गाव जमला. हेडसर म्हणाले, "मॅडम, पोरांची तयारी दाखवा जरा." मी मोठ्या ऐटीत पुढे झाले आणि विचारलं, "सांगा बरं, स्वतः विचार न करता, सांगितलं तेवढंच करतं, ते कोण?"

सगळी शाळा एका सुरात ओरडली, "मॅडम!"