एक माणूस उणा

परीक्षेच्या दिवशी गाडीचे कागद देवासमोर ठेवून मी गाडी घेऊन निघाले. माझ्या हातून मूर्खपणा पुष्कळ झाला, पण इतका भाविक तेवढा एकच.

तेव्हा मी पन्नाशीची. गोव्यातल्या विद्यापीठात एम.ए.ला नाव घातलं होतं आणि सावंतवाडीजवळच्या आमच्या गावातून रोज सकाळच्या एस.टी.ने जात होते. त्या एस.टी.चा कंडक्टर तुम्ही पाहायला हवा होता. काटकुळा, कानावर पेन. घंटीची दोरी धरून तो मागे वळायचा, सगळ्या बाकांवरून नजर फिरवायचा आणि ड्रायव्हरला म्हणायचा, "रव रे वायच, एक माणूस उणो आसा." रोजची माणसं त्याला तोंडपाठ. मग खाली उतरून तो पाणंदीकडे बघत उभा राही. कधी नर्सबाई धावत येत, बहुतेकदा मी.

"बाये, इतकी पुस्तकां वाचतंस, घड्याळ कधी वाचतलंस?"

सगळी बस हसायची. मला ते फार लागायचं. शेवटी मी मनात तराजू धरला. गाडीच्या पारड्यात माझी वेळ, माझी खिडकी आणि पायाशी मासळीची टोपली नाही. एस.टी.च्या पारड्यात फक्त धक्के आणि टोमणे. न्यायाधीशही मीच, मग निकाल काय लागणार!

गाडी आली. देवळात गाऱ्हाणं घातलं, आणि परीक्षेच्या सकाळी नारळाबरोबर गाडीचे कागद नि माझं लायसन घरच्या देव्हाऱ्यात ठेवलं. शेवटच्या पेपराला एकदम ऐटीत जायचं, म्हणून बसमध्ये कुणाला पत्ता लागू दिला नाही.

गोव्याच्या हद्दीअलीकडे, इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर, पोलिसाचा हात आडवा आला.

"कागद?"

"देवाकडे आहेत."

पोलीस हसला नाही. गाडी कडेला लावायला सांगितली. घरी जाऊन येईपर्यंत पेपर बुडणार, म्हणजे वर्षही बुडणार. बसची आशा नव्हती. ती सुटायच्या वेळेलाच मी घरातून निघाले होते आणि बैलगाडीच्या चालीने आले होते; वाटेत कुठेतरी ती मला मागे टाकून गेली असणार. मी पदर सावरत रस्त्यात उभी. शिकलेली बाई.

आणि मागून बस आली.

"रव रे! उणो माणूस गावलो!" कंडक्टर दारातून ओरडला.

मी चढले. कुणी हसलं नाही. नर्सबाईंनी सरकून जागा दिली आणि हळूच सांगितलं, "वीस मिनटां रवली गो बस. तुज्या दारापर्यंत जावन हाक मारून इलो तो." त्यांची ड्युटी त्या दिवशी चुकली होती. मी पेपराला घंटा होता होता पोचले.

आता नात विचारते, "आजी, युनिव्हर्सिटीत गाडीने जाऊ की बसने?" मी म्हणते, दोन्ही पोचतात. कंडक्टर रिटायर झाला, आणि गेल्या वर्षी गेलाही. आताची बस वेळेवर सुटते, मागे वळून कुणी बघत नाही.

पास झाल्यावर मी त्याच्या घरी पेढे घेऊन गेले होते. त्या दिवशी इतका वेळ का थांबलात, असं विचारलं. त्याने अर्धा पेढा मोडून तोंडात टाकला.

"बाये, परीक्षा आसा, ता सांगलंस. गाडी घेतलंस, ता खंय सांगलंस?"