कुंडलिकने निवडलेले तांदूळ

बियाणं कंपनीने आम्हा दुकानदारांना बायकापोरांसकट अंदमानातल्या एका बेटावर चार दिवस नेलं, त्याला आता सहा महिने होतील. राहणं, खाणं, पिणं, पोहणं, नाचणं, सगळं त्यात धरलेलं. हात हलवायचा तो फक्त तोंडाकडे न्यायला. तिथून आल्यापासून कोणी 'यंदा सुट्टीला कुठे जायचं?' असं नुसतं विचारलं तरी मला मळमळतं. लोकांना वाटतं मी भाव खातो. खुशाल वाटू दे.

माझं दुकान मुरबाडला, कुंडलिकचं शहापूरला. दोघंही भाताचं बियाणं आणि खतं विकतो, वीस वर्षांची ओळख. पण तो दुकानदार वेगळ्याच जातकुळीचा. त्याच्या दुकानाच्या पायरीखाली चपलांचा ढीग असतो, देवळाबाहेर असतो तसा. आत बियाण्याची पोती आहेत, म्हणून पायात काही घालून आत यायचं नाही. मे महिन्याच्या गर्दीतही नाही, कृषी खात्याचा साहेब आला तरी नाही. मी त्याला कितीदा हसलोय. नवीन माल आला की त्यातले शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळतो, चौथ्या दिवशी उघडतो. ऐंशीच्या खाली कोंब आले तर ती पोती परत. आम्ही बाकीचे छापील चिठ्ठी वाचतो आणि माल विकून मोकळे होतो. शहापूर तालुक्यातले निम्मे शेतकरी त्याच्याकडे का जातात हे मला ठाऊक होतं, फक्त मी ते कधी मोठ्याने बोललो नाही.

विमानात तो माझ्या शेजारी बसला होता. नव्या शर्टाची घडी मोडली नव्हती. मागच्या रांगेत त्याची बायको संजीवनी, चौदा वर्षांचा भाविक आणि बारावीतली मनस्वी. मनस्वीच्या कानात इअरफोनची बोंडं घातलेली, डोळे मोबाइलमध्ये.

"सुनिलशेट," तो हळूच म्हणाला, "पोरगी माझ्याशी बोलत नाय."

"भांडण झालं काय?"

"भांडन झालं असतं तं बरं व्हतं. कल्यानच्या कॉलेजात जाते ना. एकदा तिचा पास घरी रायला, मी तो घेऊन गेलू. गाडीवर मागं बियान्याची गोनी बांधलेली, अंगावर दुकानातलेच मळके कपडे. तवापासून नाय बोलत. घरी आली का खोलीचं दार बंद."

"वय आहे. होईल ठीक."

"म्हनून तं आलू मी. नायतर मला कशाला पायजे बेट? हितं दुकान नाय, शेत नाय, तिला कॉलेज नाय. चार दिसांत कदी ना कदी बसंल बाजूला. मला येवढंच पायजे."

एवढ्याचसाठी तो आला होता. मी कशासाठी गेलो होतो ते सांगायची लाज वाटते. फुकट दारू होती.

उतरल्या उतरल्या प्रत्येकाच्या मनगटावर केशरी पट्टा चिकटवला, दवाखान्यात भरती करताना बांधतात तसा. तो दाखवला की काहीही मिळे. मग माणसांनी जे केलं ते बघून शिसारी येत होती. सकाळच्या जेवणाला पाच प्रकारचा भात. लोक पाचही घेत, चमचा बुडवत, ताट तसंच टाकून गोड पदार्थांकडे जात. माझा दीपेश, सोळा वर्षांचा घोडा, एका वेळी तीन बर्गर मागवी, प्रत्येकाचा एकेक घास घेई आणि उरलेल्यांचे फोटो काढी. मी एकदा बोललो तर म्हणाला, "पप्पा, सगळं इन्क्लुडेड आहे." तरणतलावाच्या पाण्यावर प्लास्टिकचे पेले तरंगत होते, आणि त्यातच पोटं सुटलेले दुकानदार गळ्यापर्यंत बुडून उभ्याउभ्या पीत होते. मीही होतो त्यांच्यात. तिसऱ्या पेल्यानंतर बाहेर निघायचा कंटाळा यायचा, आणि मग पाण्यातच जे काय व्हायचं ते व्हायचं. आठवलं की आजही अंगावर काटा येतो.

कुंडलिक मात्र ताटात एका वेळी मूठभर भात घेई आणि ताट धुतल्यासारखं साफ करी. पहिल्या दिवशी त्याने वाढणाऱ्या माणसाला विचारलं, "ह्यो कंचा तांदूळ?" त्याला काही कळलं नाही. कुंडलिकने दोन शितं बोटांत चुरून बघितली आणि मलाच म्हणाला, "जुना हाय. चांगला हाय. फेकत्यात कशाला?"

मनस्वीला पहिल्याच दिवशी पुण्याच्या दोन मुली भेटल्या. त्या आमच्या कंपनीच्या नव्हत्या, पैसे भरून आलेल्या पाहुण्यांच्या पोरी. ती दिवसभर त्यांच्यामागे. जेवायला त्यांच्याच टेबलावर. कुंडलिक रोज आपल्या टेबलाशी एक खुर्ची रिकामी ठेवी. कोणी ती ओढायला आलं की हात ठेवी, "हितं पोरगी येनाराय." पोरगी यायची नाही. संजीवनी म्हणे, "अवो, खावा तुमी." भाविक आइस्क्रीम खात बसे. दुसऱ्या दिवशी दुपारी कुंडलिकने मनस्वीला समुद्रावर फिरायला चल म्हटलं, तर तिने मोबाइलवरून डोळेही वर न करता मान हलवली. तो एकटाच वाळूत जाऊन आला. मला त्याची कीव यायच्या ऐवजी चीड आली. एवढं लाचार होऊ नये माणसाने पोरीपुढे, असं मी तेव्हा माझ्या बायकोला म्हणालो.

तिसऱ्या दिवशी दुपारी सगळे खाऊन लोळत होते. कुंडलिकला लोळता येत नाही. फिरता फिरता स्वयंपाकघरामागच्या ओट्यावर त्याला प्लास्टिकच्या दोन मोठ्या टोपांत तांदूळ भरून ठेवलेले दिसले. वाकून बघतो तर तांदळात घाण. पांढरे मणी, बारके शिंपले. त्याने आपल्याशीच हिशेब लावला. इकडे तांदूळ किनाऱ्यावर वाळत घालत असतील, म्हणून शिंपले आले. आणि कोणा निवडणाऱ्या बाईची माळ तुटली असेल, म्हणून मणी. रात्रीच्या जेवणाचा तांदूळ असा दिला तर कोणाचा तरी दात पडायचा. झालं, गडी मांडी घालून बसला निवडायला.

मी तिथून जाताना बघितलं. "काय रे, पगारावर राहिलास काय?" मी हसलो.

"बसून बसून हातांना मुंग्या आल्या," तो म्हणाला. खरं तर तीन दिवसांत पहिल्यांदाच तो खुशीत दिसत होता.

तेवढ्यात मनस्वी मोबाइलची वायर शोधत तिथे आली. बापाला खाली बसलेलं बघून थबकली. कुंडलिकने बाजूची फरशी हाताने झटकली. "बस गो मनू. लहान व्हती तवा बसायची ना माझ्याजवळ. एकेक शिंपला काढ." ती उभी राहिली. मला खरंच वाटलं की बसते आता. गुडघे जरासे वाकलेही होते तिचे. पण पुण्याच्या पोरींनी लांबून हाक मारली, "मनस्वी, चल ना, टीमची नावं देतायत!" आणि ती गेली. कुंडलिक मला म्हणाला, "बघितलं का? थांबली व्हती." केवढा आनंद! त्याने दोन्ही टोपांतला दाणा न् दाणा पारखून स्वच्छ केला. मणी आणि शिंपले कागदी रुमालात बांधून ठेवले, ज्या बाईची माळ असेल तिला द्यायला.

पाच वाजता हिरवळीवर खेळ होता, तरुण मुलांसाठी. पिवळा बनियन घातलेला एक माणूस माइकवर केकाटत होता. आणि हिरवळीच्या मधोमध आणून ठेवले तेच दोन टोप. पोरापोरींनी डोळ्यांवर पट्टी बांधायची, टोपात अनवाणी उभं राहायचं आणि पायाच्या बोटांनी तांदळातले मणी शोधून काढायचे. एकेका टोपात एक जोडी, त्यातली एक मनस्वी आणि पुण्याची एक पोरगी. शिट्टी वाजली. पोरं तांदूळ तुडवायला लागली. पायाने उडवायला लागली. दाणे हिरवळीवर, लोकांच्या अंगावर, एका बाईच्या दारूच्या पेल्यात. संगीत धडधडत होतं. मी भातशेतीत वाढलोय. खळ्यावर चुकून दाण्याला पाय लागला तर माझी आई वाकून नमस्कार करायला लावी. पण हातात पेला होता, सगळे टाळ्या वाजवत होते, मीही वाजवल्या.

दोन मिनिटं झाली, एकालाही मणी सापडेना. पिवळ्या बनियनने टोपात हात घालून बघितलं. काहीच नाही. "मोती किसने चुराये?" तो माइकवर ओरडला, आणि लोक हसले.

कुंडलिक पुढे आला. चप्पल बाजूला काढून ठेवली आणि रुमालाची पुरचुंडी पुढे केली. "चोरले नाय. तांदळात घान व्हती, मी निवडली. जेवनाला लागंल म्हनून."

एक क्षण कोणाला कळलं नाही. मग असा काही हशा उठला की विचारू नका. पिवळ्या बनियनने त्याच्या खांद्यावर हात टाकला, "अंकल, आपने तो पूरा गेमही साफ कर दिया!" आणि त्याला गोल फिरवून सगळ्यांना दाखवला. दीपेश मोबाइलवर टिपत होता. मला हे पण सांगायला हवं की मी हसलो. पोट धरून हसलो. तो शहापूरचा आहे, वीस वर्षांचा माझा सोबती आहे, पण बाजूच्या नाशिकवाल्याने 'हा कोण?' असं विचारलं तेव्हा ते न सांगता मी पेल्यात बघत राहिलो.

कुंडलिकला हसण्याचं काही नव्हतं. त्याचं लक्ष टोपाकडे होतं. मनस्वीने पट्टी कपाळावर सरकवली होती, पाय अजून तांदळात. तो तिच्याजवळ गेला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "मनू, पाय काढ. खायाचा हाय तो."

मनस्वीने त्याच्याकडे बघितलंच नाही. तिने पुण्याच्या पोरीकडे बघितलं. ती पोरगी तोंडावर हात ठेवून हसत होती. मनस्वीने पट्टी पुन्हा डोळ्यांवर ओढली. मणी परत तांदळात ओतले गेले, शिट्टी वाजली, आणि ती जोरात पाय मारायला लागली. तीच जोडी जिंकली. बक्षीस म्हणून टोपी मिळाली. खेळ संपल्यावर लोक खायला पळाले आणि कुंडलिक हिरवळीवर उकिडवा बसून गवतातले दाणे वेचत होता. संजीवनी त्याला उठवायला आली आणि तीही वेचायला बसली. मी मदत केली नाही. उलट दीपेशने काढलेलं ते चित्रण मीच दुकानदारांच्या ग्रुपवर टाकलं, खाली हसणारी तोंडं लावून. माझी मलाच किळस येते, पण ते केलं मी.

चौथ्या दिवशी सकाळी आम्ही धक्क्यावर बोटीची वाट बघत होतो. संजीवनी भाविकला घेऊन पुढे बसायला गेली होती. कुंडलिकच्या दोन्ही खांद्यांवर पिशव्या, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. मनस्वी त्याच्यापासून दहा पावलांवर, ती टोपी घालून. पुण्याच्या पोरी तिचा निरोप घ्यायला आल्या. गळाभेटी झाल्या, फोटो झाले. मग त्यातल्या एकीची नजर कुंडलिककडे गेली.

"हे कालचे मोतीवाले काका ना?" ती मनस्वीला म्हणाली. "तुमच्याबरोबर आहेत?" मनस्वी टोपी सारखी करायला लागली. तेव्हा ती पोरगी सरळ कुंडलिककडेच वळली. मस्करी नव्हती तिच्या बोलण्यात, साधं विचारलं तिने. "काका, तुम्ही मनस्वीचे बाबा का?"

कुंडलिकने लेकीकडे बघितलं. मीही बघितलं. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. ओठ दातांखाली धरलेले. मी बोलायला तोंड उघडलं, काय बोलणार होतो ते मलाही माहीत नाही. कुंडलिकने मला डोळ्यांनी गप्प केलं.

"नाय गो पोरी," तो हसून म्हणाला. "मी यांच्या दुकानातला गडी. शेट पुढं गेलं, मी सामान घेऊन चाललूय."

"हो का गं?" पोरीने मनस्वीला विचारलं.

मनस्वीने मान वर केली. चार दिवसांत पहिल्यांदा तिने बापाच्या तोंडाकडे नीट बघितलं.

"हो," ती म्हणाली. "आमच्याकडे कामाला आहेत."

कुंडलिकने मान हलवली, दहा पावलं चालून तिच्याजवळ गेला आणि तिची बॅगही उचलून खांद्यावर घेतली.