आत्तींची चंची

आमच्या आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई चंपाबाई, मूळच्या निपाणीकडच्या. बेंगळुरात येऊन जन्म गेला, पण कमरेची चंची काही सुटली नाही. खणाच्या कापडाची, चार कप्प्यांची. पानं, सुपारी, कात, चुन्याची डबी, सगळं आत घालायचं, गुंडाळून दोरीनं बांधायचं नि कमरेला खोचायचं. घरात येईल त्याला पान त्यांच्याच हातचं, मग तो गॅसवाला असो नाहीतर माझा काका. किती वेळा सांगितलं, आत्ती, इथं आता कुणी पान खात नाही. ऐकतील तर शपथ!

एकदा माझ्या लेकीनं, सिद्धीनं, फोनवर शोधून त्यांना चिडवलं. म्हणे आज्जी, तुझी चंची मूळची कन्नड. पानाच्या पिशवीला तिकडं संची म्हणतात, तीच आपल्याकडं चंची झाली. झालं! आपल्या सासूनं हातानं शिवून दिलेली वस्तू परकी कशी, म्हणून आत्तींनी नातीशी बोलणंच टाकलं.

त्याच सिद्धीनं ऑफिसातला नागराज पसंत केला. माणसं देवनहळ्ळीची, कन्नड. पोरगा सोन्यासारखा, पण त्याच्या आज्जीला नातसून आपल्याच भाषेची हवी होती, आणि तिच्या होकाराशिवाय त्या घरात पान हलत नाही. बोलणी करायला मंडळी आली. म्हातारीनं ना चहा घेतला, ना पोह्यांना हात लावला. सिद्धीचा चेहरा एवढासा झाला.

मी नको नको म्हणून डोळे मोठे करतेय, तोवर आत्ती म्हातारीच्या शेजारी जाऊन बसल्या, चंची सोडली आणि निवांत पानाला चुना लावायला लागल्या. म्हातारी टक लावून बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "संची." तिच्या आईच्या कमरेलाही अशीच असायची म्हणे.

आत्ती ताठ मानेनं कन्नडमध्ये बोलल्या, "हा शब्द तुमच्याकडून आमच्यात नांदायला आला. आम्ही त्याला कमरेला मानानं बाळगला. आता आमची लेक तुमच्याकडं नांदायला येतेय. तिलाही तसंच सांभाळा."

खरं सांगते, माझ्या सासूचा एवढा अभिमान मला कधी वाटला नव्हता.

म्हातारीनं विडा घेतला, तोंडात घातला, सावकाश चावला. सगळे तिच्या तोंडाकडं बघत होते.

"स्वल्प सुपारी," अजून थोडी हवी, असं ती म्हणाली, आणि आपल्या हातानं चंचीचा कप्पा उघडला.