नायिकेची सही आणि दोन संडास

मंडळी, आज वडशात आमच्या नाटक कंपनीच्या नव्या इमारतीचा नकाशा पाहिला. पुरुषांसाठी तीन मुताऱ्या, दोन संडास. बायकांसाठी काहीच नाही.

मालक म्हणाले, "जुन्याच इमारतीचा नकाशा उतरवला न भाऊ. आजोबाच्या वेळचा, पंचावन्न-छप्पन सालचा."

बरोबर आहे. तेव्हा नाटकातली बाईसुद्धा पुरुषच असायचा, दाढी करून लुगडं नेसायचा!

आमच्या नायिका सुनंदाबाई हंगामाच्या करारावर सही करणार होत्या. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"मालक, बारा वर्षं झाली, तालमीच्या दिवशी मी पाणी पीत नाई. बायकांसाठी दोन संडास, आतून कडी, नळाले पाणी. नकाशात दाखवा, मंग सही."

"दुसरी नायिका पाहू काय?"

"पाहा ना. तिले का संडास लागत नाई?"

सहीला आलेल्या बाकीच्या तिघी नट्यांनीही पेनं खाली ठेवली. शेवटी मालकांनी पेन्सिल घेऊन नकाशात दोन चौकोन काढले. मग सह्या झाल्या.

सुनंदाबाईंच्या तोंडची पेटती भाषणं मीच लिहितो. आजचं त्यांचं स्वतःचं होतं, आणि माझ्यापेक्षा सरस. छाती फुगली, मानही खाली गेली. बारा वर्षांत मी एकदाही विचारलं नव्हतं.

तुमच्या ऑफिसातल्या बायका दिवसभर पाणी पितात का हो?