बाबांना घर पसंत पडू नये म्हणून: वर्धा जिल्ह्यातले तीन दिवस

लांबच्या गावी घर घ्यायचं आहे आणि इथे बसून, फोनवरून घरं बघायची जुळवाजुळव करायची आहे, अशा लोकांना या लेखात कामाच्या पुष्कळ गोष्टी सापडतील. फक्त एक करू नका. मी जे केलं ते करू नका. मी सहा घरं बघायची ठरवली होती, आणि त्यातलं एकही पसंत पडू नये अशीच ठरवली होती.

झालं असं की आई गेल्यावर बाबांना मी पुण्याला आणलं, त्याला सहा वर्षं झाली. बाबा एकोणऐंशीचे. अख्खी नोकरी वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूरच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाची प्रत ठरवण्यात गेली. गाडीतला कापूस चिमटीत घ्यायचा, अलगद ओढायचा आणि एका बाजूने शेतकरी, दुसऱ्या बाजूने व्यापारी बघत असताना निकाल द्यायचा. तिथे आमचं स्वतःचं घर कधीच नव्हतं, भाड्याच्या दोन खोल्यांत माझं लहानपण गेलं. पुण्यात मात्र अकरावा मजला, लिफ्ट, खाली बाग, सगळं होतं. आणि गेलं वर्षभर बाबांचं एकच पालुपद: "मले आता तिकडंच राह्यचं हाय. एक लहानसं घर पाहून दे."

गुडघे सांगून झाले, बीपी सांगून झालं, अर्ध्या रात्री काही झालं तर कोण बघणार हेही सांगून झालं. शेवटी माझं डोकं फिरलं. म्हटलं, "ठीक आहे! तीन दिवस रजा टाकते. घरं बघू. आवडलं तर घेऊ. नाही आवडलं, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. कबूल?"

"कबूल," बाबा लगेच म्हणाले. इतक्या लगेच म्हणाले, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

खोटं कशाला बोलू, मला बाबांना पाठवायचं नव्हतं. आई गेली तेव्हा मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. ते दुसऱ्यांदा होऊ द्यायचं नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मग बाबांच्याच वहीत नंबर सापडला ते वर्ध्यातले एक दलाल मी गाठले, गजूभाऊ. दवाखाना आणि स्टेशन जवळ हवं म्हणून घर वर्धा शहरातच बघायचं, असं मी त्यांना ठणकावून सांगितलं. ते रोज व्हिडिओ पाठवायचे आणि मी त्यातून निवडून निवडून जिन्याची घरं घ्यायचे. पहिला मजला, दुसरा मजला, लिफ्ट नाही. बाबांच्या गुडघ्यांना दहा पायऱ्या झेपत नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं.

"ताई, काका चढतीन काय एवढं?" गजूभाऊंनी एकदा चाचरत विचारलं.

"तुम्ही दाखवा हो. आणि त्यांना आधी काही सांगू नका."

आता कामाचं. फोटोवर विश्वास ठेवू नका, फोटोत संडाससुद्धा हॉलएवढा दिसतो. दलालाला नळ सोडून व्हिडिओ काढायला सांगा. घराबाहेर उभं राहून रस्त्याची दोन्ही टोकं दाखवायला सांगा. दिवसाला तीनच्या वर घरं ठेवू नका. आणि विदर्भातलं घर बघायचं असेल तर मे महिन्यातच जा. विहीर-बोअरला पाणी किती, गच्ची किती तापते, कूलर ठेवायला खिडकी आहे की नाही, सगळी झाकली मूठ त्या महिन्यात उघडते. रात्रीच्या गाडीचं एसीचं तिकीट दोन महिने आधी काढा. ऐनवेळी निघालात तर बसने जावं लागेल आणि अंगाचं भरीत होईल.

सकाळी वर्धा स्टेशनवर उतरलो तेव्हा आठच वाजले होते आणि प्लॅटफॉर्म चटके देत होता. बाबा मात्र उतरल्या उतरल्या दोन मिनिटं नुसते उभे राहिले. मग खिशातून पांढरा दुपट्टा काढून डोक्याला गुंडाळला. पुण्यात हा दुपट्टा कुठे होता, देव जाणे. स्टेशनबाहेरच्या गाडीवर तर्री-पोहे खाल्ले. वर लालभडक रस्सा, त्यावर कच्चा कांदा, आणि दोघांचे मिळून शंभराच्या आत. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिखटाने आलं असं मी बाबांना सांगितलं.

इथे माझी पहिली फजिती झाली. पुण्यात बसून मी वेळापत्रक आखलं होतं: बारा वाजता पहिलं घर, दीडला दुसरं, तीनला तिसरं. गजूभाऊ गाडी घेऊन लॉजवर आले आणि कपाळाला हात लावून उभे राहिले.

"बाप्पा! भर दुपारी बाराले घर पाहाले कोन जाते, ताई? घरमालक दार उघडन, पन मनात शिव्या देईन ना."

इथे मे महिन्यात अकरा ते पाच माणूस कूलरसमोर असतो, हे मी विसरले होते! इथेच जन्मले, इथेच वाढले, दुपारी रस्त्यावर दिसले तर आईच्या हातचा मार खाल्लेली मी. बाबा खो खो हसले. सहा वर्षांत ते असं हसलेले मला आठवत नाहीत. मग आम्हीही लॉजच्या कूलरसमोर आडवे झालो. कूलरच्या ताट्यांतल्या ओल्या खसाचा, म्हणजे वाळ्याचा, वास आला आणि मला थेट आमच्या खोलीतली दुपार आठवली. आई कुरडया वाळवून दमून झोपलेली, आणि मी कूलरच्या पंख्यासमोर तोंड धरून 'आ' करत बसलेली, आवाज थरथरतो म्हणून.

संध्याकाळी पहिली दोन घरं बघितली. बाबांची घर बघायची रीत मला नवीनच होती. मी आणि गजूभाऊ वर जायचो, आणि बाबा खाली थांबून समोरच्या घराची कडी वाजवायचे.

"जरा पानी भेटन काय प्याले?"

"बाबा, बाटली आहे ना गाडीत!" मी वरून ओरडले.

"ते पानी तुले. मले शेजार पाह्यचा हाय," बाबा म्हणाले. "भिंती काय, कोनीबी बांधते. पानी मांगतल्यावर मानूस 'बसा' म्हंते का, ते पाहाव."

पहिल्या ठिकाणी जाळीच्या दारातून बाटली पुढे आली आणि दार लागलं. दुसऱ्या ठिकाणी एका मुलीने गार पाणी दिलं, पण कानातला फोन काही काढला नाही. "पानी चांगलं हाय," एवढंच बाबा म्हणाले. मी मनातल्या मनात दोन घरांवर काट मारली आणि रात्री आनंदाने पाटवडी-रस्सा खाल्ला.

पहिल्या दिवशीचं एक घर राहिलं होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच निघालो. तिसऱ्या घरी तसंच झालं. चौथं घर दुसऱ्या मजल्यावर. मी वर खोल्या बघत होते आणि जिन्यातून खर्रखर्र आवाज यायला लागला. डोकावून बघते तर बाबा चढून राहिले होते! (दुसऱ्याच दिवशी माझी भाषा अशी वऱ्हाडीकडे घसरली, सांभाळून घ्या.) कठड्याला धरून, एका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, मध्ये थांबत. मी धावत खाली गेले.

"कशाला चढलात? काय गरज होती?"

"तू निवडलं ना," ते धापा टाकत म्हणाले, "मंग पाह्यलं पाह्यजे."

वर येऊन त्यांनी एकेक खोली नीट बघितली, भिंतीवरून हात फिरवला, स्वयंपाकघरातला नळ सोडून बघितला. मला इतकी लाज वाटली की मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. त्या क्षणी सगळं सांगून टाकायला हवं होतं. नाही सांगितलं. उरलेली दोन्ही घरंही त्यांनी तशीच चढून बघितली, मी नको नको म्हणत असताना. संध्याकाळी आम्ही पवनारला धाम नदीच्या काठावर बसलो. पाणी खडकांच्या मधून जेमतेम वाहत होतं. लहानपणी सहलीला आले होते तेव्हा याच खडकांवर माझी चप्पल वाहून गेली होती आणि बाबांनी मला बसपर्यंत खांद्यावर नेलं होतं. मी विचारलं, "मग? पसंत काही?"

"घरं बरे हायेत," बाबा म्हणाले. "पन तथी कोनी कोनाले हाक मारत नाई."

म्हणजे मी जिंकले होते. आणि तरी मी बाबांच्या गुडघ्यांकडे बघत बसले.

तिसऱ्या दिवशी रात्रीची परतीची गाडी होती. दिवस रिकामा, म्हणून बाबा म्हणाले समुद्रपूरला एक चक्कर मारून येऊ. मी लगेच हो म्हटलं, मनातल्या चोरीची तेवढीच भरपाई. गजूभाऊंची गाडी होतीच. हिंगणघाटपर्यंत रस्ता छान आहे, पुढेही बरा. एसटीने जाणार असाल तर हिंगणघाटला बदलावी लागते, आणि सकाळची धरा. दोन्ही बाजूंना नांगरून पडलेली काळी शेतं, बांधावर निंब, मधूनच एखादा पेटलेला गुलमोहर. समुद्रपूर जवळ आलं तसे बाबा खिडकीतून एकेका शेताच्या मालकाचं नाव सांगू लागले. दिवाळीनंतर या रस्त्याला जिनिंगपर्यंत कापसाच्या बैलगाड्यांची रांग लागायची, आम्ही पोट्टे शाळेतून येताना मागच्या मागे लोंबकळायचो, आणि घरी गेल्यावर आई केसांतून कापूस वेचत रागवायची. आता ट्रॅक्टर असतात म्हणे.

गाडी थेट शंकरकाकांच्या घरासमोर थांबली. शंकरकाका म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाचे किराणा दुकानदार. आता दुकान बंद आहे, काका-काकू दोघंच राहतात, मुलगा हैदराबादला. मी चप्पल काढेपर्यंत बाबा आत जाऊन स्वतःच माठातून पाणी घेऊन प्यालेसुद्धा. कोणाला काही विचारलं नाही, कोणी काही म्हटलं नाही.

"अवं माय! बेबी काय हे?" कुसुमकाकूंनी माझी हनुवटी धरली. "केवढी वाळली वं! जेवू नाई देत काय पुन्यात?"

जेवायला आंब्याचा रस, पोळ्या, कुरडया. रसाची वाटी रिकामी झाली की काकू न विचारता भरत होत्या. जेवण झाल्यावर काका बाबांना म्हणाले, "दुकानामागच्या दोन्ही खोल्याईले काल चुना मारून घेतला. कूलरची खिडकीबी मोठी केली. पाहून घ्या."

मी हात धुता धुता थांबले. "कोणासाठी?"

गजूभाऊ अंगणातल्या निंबाकडे असे बघत होते, जणू आयुष्यात झाड पाहिलं नाही.

"गजूभाऊ?"

"ताई, रागावू नका. काकाचा फोन मले तुमच्या आधी आलता. माहे वडील जिनिंगमदी काकाच्या हाताखाली होते. त्याईले नाई कसं म्हनू?"

"मग मला सांगायचं नाही?"

"तुमी म्हने काकाले सांगू नका. काका म्हने बेबीले सांगू नको. म्या दोघाईचं आयकलं."

शेरास सव्वाशेर ऐकलं होतं, सख्खा बाप भेटला. मी बाबांकडे वळले. मी भयंकर चिडले होते. ते ओट्यावर बसून शांतपणे सुपारी कातरत होते.

"विकत नाई घेतलं," ते म्हणाले. "या वयात विकत घेऊन काय कराचं? भाड्यानं घेतलं. याच्या पोराले वाटे मायबाप एकटे हायेत, हैदराबादले चला. तुले वाटे मी एकटा राहीन. आता तिघं झालो. सांग, एकटं कोन हाय?"

"तुम्हाला माहीत होतं?" माझा आवाज चिरकला. "ती सहा घरं... मी मुद्दाम..."

"सहाच्या साही जिने, बेबी. वजन वाढवाले भिजवलेला कापूस हातात घेतल्याबरोबर समजते."

"मंग चढले काऊन?" मी रडत ओरडले. सहा वर्षं प्रमाण मराठीत भांडलेली मी, आपसूक त्यांच्या बोलीत आले.

"तू एवढी रजा टाकून, एवढं जमवून आनलं होतं," बाबा म्हणाले. "पाह्यलं नसतं तं तुले वाईट वाटलं असतं."

मी तिथेच, काकूंच्या पायरीवर बसून ढसाढसा रडले. लाजेने रडले, आणि त्यांच्या पायांचा विचार करून रडले. काकूंनी मला रडू दिलं. मग आत जाऊन तांदूळ, नारळ, खण घेऊन आल्या आणि माझी ओटी भरली. "लेक घरून रिकामी जाते काय?" म्हणाल्या. ज्या गावात आमचं कधी घर नव्हतं, तिथे त्या दिवशी माझं माहेर झालं.

बाबा परत आलेच नाहीत. त्यांच्या बॅगेत दोन महिन्यांच्या गोळ्या निघाल्या. मी गजूभाऊंबरोबर तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना भेटून आले, काकूंच्या फोनमध्ये माझा नंबर सगळ्यात वर टाकला, आणि वर्ध्याहून गोरसपाक बिस्किटांचे दोन पुडे घेऊन एकटी गाडीत चढले. समोरच्या रिकाम्या बर्थवर रात्रभर कोणी आलं नाही.

आता कोणी मला विचारलं की लांबचं घर कसं बघावं, तर नळ, खिडकी, रस्ता सगळं सांगते. शेवटी हेही सांगते की ज्याला राहायचं आहे त्याला आधी विचारा, त्याने बहुतेक कधीच बघून ठेवलेलं असतं. मला भीती वाटायची ती अजून वाटते. रात्री फोन वाजला की मी ताडकन उठून बसते. ते काही गेलेलं नाही, आणि जाणारही नाही.

पुण्यात असताना बाबा रोज चारला मला ऑफिसात फोन करायचे. कामात असले की मी चिडायचे. विचारायचे एकच, "तू केव्हा येतं?" आता चार वाजले की मीच फोन लावते. पलीकडे काकांचा आवाज असतो, पत्त्यांचा डाव असतो, काकू चहासाठी हाका मारत असतात. बाबांना बोलायला सवड नसते. मी विचारते, "बाबा, केव्हा येता?"

"तूच येजो," ते म्हणतात, आणि माझ्या आधी फोन ठेवून देतात.