इरम्माचा नदीकाठचा फेरा

जळकोटच्या इरम्मानं पहिल्यांदा सायकलीवर टांग टाकली तेव्हा तिची लेक लग्न होऊन सासरी नांदत होती आणि तिच्या स्वतःच्या कपाळावरचे केस पांढरे व्हायला लागले होते. या वयात बायका वाती वळतात, असं शेजारणी म्हणाल्या. इरम्माला वाती वळून चालणार नव्हतं.

तिचा नवरा कल्याणप्पा पिढीजात बांगडीवाला. पाठीवर बोचकं टाकून तो दहा गावं पायी हिंडायचा. मराठी बोलणाऱ्या घरी मराठीत, कानडी बोलणाऱ्या घरी कानडीत चार थट्टेचे शब्द बोलायचा आणि बाईला कळायच्या आत अवघड हातातून बांगडी पार करायचा. पण एका संक्रांतीच्या तोंडावर तो भरल्या गाडीवरून पडला आणि त्याची कंबर गेली. काठी टेकत अंगणापर्यंत जायचा, तेवढंच. पायी हिंडणं संपलं. बोचकं खुंटीला लागलं.

अशात इरम्माचा भाऊ शिवप्पा सोलापुराहून आला. तो तिथं गिरणीत होता. त्यानं नवी सायकल घेतली होती, म्हणून जुनी बहिणीला द्यायला, करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर निजामाच्या शिपायांशी हुज्जत घालून, चालवत घेऊन आला.

"विकून टाक, अक्का. घरात चार दिवस चूल पेटंल," तो म्हणाला.

तो गेला. सायकल भिंतीला टेकून उभी राहिली. इरम्मा येता-जाता तिच्याकडं बघायची. तिसऱ्या दिवशी ती नवऱ्याला म्हणाली, "अवो, ही म्या चालवली तर?"

कल्याणप्पा हसला नाही. सायकलीकडं बघत म्हणाला, "पडशील."

"पडल तर उठल."

सुगी उरकून गेली होती. गावाबाहेरचं खळं सारवलेलं, रिकामं पडलं होतं. कल्याणप्पा काठी टेकत तिथवर आला आणि मधोमध दगडावर बसला. मळणीला बैल फिरतात तशी इरम्मा त्याच्याभोवती सायकल घेऊन फिरू लागली. पडायची, गुडघे झाडायची, पुन्हा बसायची.

"चाकाकडं बघू नगंस! म्होरं बघ!" तो ओरडायचा.

"म्होरं तुमीच दिसताव!"

बघ्यांची गर्दी जमली. कुणी म्हणालं, कलियुग आलं. कुणी सासूला, रुद्रम्माला, सांगायला गेलं, की सुनेला आवरा. म्हातारी खळ्यावर आली, सुनेचे दोन फेरे बघितले आणि जमलेल्यांकडं वळून म्हणाली, "माझ्या सुनंचा काष्टा घट्ट हाय. ती नीट बसलीया. तुमी आपापल्या घरी जावा."

महिनाभरात इरम्मा सायकल चालवू लागली. चांगला दिवस बघून तिनं बोचकं मागच्या कॅरेजला बांधलं आणि हमरस्त्यानं निघाली. रस्ता खडीचा. फर्लांगभर गेली तोच मागून किणकिण ऐकू येऊ लागली. सायकल हळू घेतली, तरी ती थांबेना. पहिल्या गावात बोचकं सोडलं तर हिरव्या, लाल, मोरपंखी काचांचा नुसता खच. बांगडी फुटली असं बायका म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. त्या दिवशी निम्मा माल वाढला होता.

लिंबाखाली बसून तिनं डोळे पुसले. घरी आल्यावर कल्याणप्पानं काचा बघितल्या आणि तो रागावेल म्हणून ती वाट बघत राहिली. तो म्हणाला, "माणसाची पाठ धक्का खाती गं. लोखंड न्हाय खात. तुला मऊ वाट हुडकाया पायजे."

मग इरम्मा रिकामी सायकल घेऊन मऊ वाटा हुडकत हिंडू लागली. गाडीवाट नको, चाकोऱ्या खोल असतात. नांगरलं रान नको. गावाच्या मागून करंजांच्या सावलीतली एक पाणंद निघायची. तिच्यात पालापाचोळ्याची गादी होती. ती पाणंद करंजवाडीला जायची. तिथून ओढ्याच्या कडेनं मुरमाची पायवाट सांगवीला उतरायची. सांगवीत ओढा बोरी नदीला मिळतो. तिथं पाणी पसरट होऊन थांबल्यासारखं दिसायचं, लव्हाळ्यात बगळे उभे असायचे, आणि काठची ओली वाळू इतकी दाबून बसलेली की चाकाचा आवाजही यायचा नाही. इरम्मा जन्मभर याच मुलखात राहिली होती, पण ओढा आणि नदी एक झालेलं ते पाणी तिनं पहिल्यांदाच पाहिलं. बाईमाणूस कामाशिवाय एवढ्या लांब येणार कधी? ती बराच वेळ तिथं उभी राहिली. मग पाय ओले करून पुढं निघाली.

नदीच्या काठाकाठानं गेलं की शेवटी गोरोबाचा मळा लागायचा आणि मळा संपला की जळकोटची वेस. म्हणजे निघालं तिथंच परत, आणि एकही गाव दोनदा लागत नव्हतं. मळ्याच्या कडेनं पुराला अडवायला घातलेला जुना मुरमाचा बांध होता. वर हरळी माजलेली, सतरंजीसारखी. बांगड्यांसाठी याहून चांगली वाट कुठं मिळणार?

पण गोरोबानं ती अडवली. बायको वारल्यापासून म्हातारा मळ्यात एकटाच राहायचा.

"आज तू येशील, उद्या सगळं गाव येईल," तो म्हणाला. "माजा बांध म्हंजी काय सडक न्हाय."

"काका, बांधाला चाकानं काय व्हतंय?"

"मला काय इचारायचं न्हाय. जा."

दुसऱ्या दिवशी बांधावर बाभळीच्या फेसाट्या, काटेरी फांद्या, पडल्या होत्या. इरम्मा भांडली नाही. तिथं आली की ती नदीत उतरायची, बोचकं डोक्यावर घ्यायची, ते मळ्याच्या पलीकडं काठावर ठेवून परत यायची आणि सायकल खांद्यावर उचलून न्यायची. गोरोबा मोटेजवळून बघत असायचा. एक वर्ष असंच गेलं.

फेरा मात्र बसला. करंजवाडीच्या बायका घंटी ऐकली की हात धुऊन ओसरीवर येऊन बसायच्या. पुरुषापुढं हात धरायला लाजणाऱ्या नव्या सुना इरम्मापुढं मोकळ्या बोलायच्या. त्यांतच उमाबाई होती, गोरोबाची तिथं दिलेली एकुलती एक लेक. बापाला ती दादा म्हणायची.

"मावशी, दादा कसे हायेत वो?" ती दर खेपेला विचारायची.

"हायेत खडखडीत," इरम्मा म्हणायची. काट्यांचं कधी बोलली नाही.

अठ्ठेचाळीस साल उजाडलं तसा मुलूख बिघडत गेला. रझाकारांच्या धास्तीनं हमरस्ता ओस पडला. कुणी बिऱ्हाड घेऊन सोलापूरकडं गेलं, कुणी दारं लावून बसलं. रुद्रम्मानं सुनेला घराबाहेर पडू नकोस म्हणून बजावलं. पण नदीकाठच्या वाटेनं कुणी फिरकत नव्हतं, आणि घरात दाणे संपत आले होते. इरम्मा देवाला हात जोडून निघाली.

आषाढ लागला होता. करंजवाडीला उमाबाई भिंतीला धरून उठली तेव्हा इरम्माच्या लक्षात आलं.

"कितवा गं?"

"सातवा." उमाबाईनं मान खाली घातली. "दादांना कुणी सांगितलंच न्हाय. कोण जाणार रस्त्यानं? आई असती तर हिरवा चुडा घिऊन कवाच आली असती."

परत येताना नदीला पाणी चढलं होतं. इरम्मा छातीइतक्या पाण्यात उतरायला निघाली, तसा वरून गोरोबा ओरडला, "अगं ए! मरायचं हाय का?"

"मग जाऊ कुठनं?" ती खालूनच म्हणाली. "आन काका, म्या मेले तर तुमच्या उमाचा निरोप कोण सांगंल? तिला सातवा लागलाय."

म्हातारा तडक बांधावर गेला आणि दोन्ही हातांनी फेसाट्या ओढून नदीत फेकू लागला. काटे हातात शिरत होते. इरम्मा वर येऊन म्हणाली, "काका, काठीनं तरी ढकला." त्यानं ऐकलं नाही. शेवटची फेसाटी टाकून झाल्यावर धोतराला हात पुसत त्यानं विचारलं, "बरी हाय का पोर? जेवती का?"

"जेवती. तुमची लई वाट बघती."

गोरोबानं खोपटातून भुईमुगाच्या शेंगांचं गाठोडं आणि एक घडीचं लुगडं आणलं. ते त्याच्या बायकोचं होतं. "हे पोचव," तो म्हणाला, "आन माझ्याकडनं हिरवा चुडा भर. चांगला दाट भर."

पुढच्या खेपेला इरम्मानं उमाबाईच्या दोन्ही हातांत मनगटापासून वर हिरवा चुडा भरला. भरताना उमाबाई रडत होती आणि मधेच हसत होती. "दादांनी लुगडं दिलं? आईचं?" तिनं तीनदा विचारलं.

भाद्रपदात भारताचं लष्कर आलं आणि पाच दिवसांत निजामाचं राज्य गेलं. त्याच पंधरवड्यात उमाबाईला मुलगी झाली. गोरोबाला बोलवायला कुणाला जावं लागलं नाही. बाळंतविडा घेऊन तो बांधावरून सांगवीकडं आणि तिथून ओढ्याच्या वाटेनं वर करंजवाडीला चालत गेला. आता त्याच बांधावरून सांगवीची पोरंबाळं जळकोटला येऊ लागली, बायका बाजाराला येऊ लागल्या. म्हाताऱ्याचा अंदाज खरा ठरला होता, सगळं गाव खरंच येत होतं. पावसानं मुरूम वाहिला की तो स्वतः पाट्या टाकून वाट नीट करायचा.

दिवाळीनंतर एका सकाळी इरम्मानं कॅरेजवर वाकळेची चौपदरी घडी बांधली आणि नवऱ्याला म्हणाली, "बसा."

"म्या? खुळी झालीस का? लोक काय म्हणतील?"

"मऊ वाट हुडक म्हणून कुणी सांगितलं व्हतं? जरा बघा तर कशी हाय."

रुद्रम्मानं लेकाला आधार देऊन बसवलं. पाणंदीत शिरेपर्यंत कल्याणप्पा डोळे मिटून होता. मग त्याच्या लक्षात आलं, की कंबरेत कळ येत नाही. त्यानं डोळे उघडले. दोन्ही बाजूंना करंज, पलीकडं हिरवीगार ज्वारी, नुकताच वर आलेला गहू. तो एकेक रान ओळखू लागला. "ह्यो मठाचा मळा न्हवं? ही हीर कवा खांदली?" इरम्मा दम लागत असतानाही उत्तरं देत होती.

करंजवाडीत घंटी वाजली तशा बायका ओसरीवर आल्या आणि मागं बसलेल्या माणसाला बघून एक म्हातारी ओरडली, "आगं बया, कल्याणप्पा आला!"

त्याला ओसरीवर बसवलं. म्हातारीनं त्याच्याच पुढं हात धरला, आखडलेला, गाठाळ हात. "हिच्या भरण्यात तुझी सर न्हाय," ती इरम्माकडं हसून बघत त्याला म्हणाली. कल्याणप्पानं तो हात दाबला, वळवला, काहीतरी कानडीत थट्टा केली, म्हातारी खळखळून हसली आणि तेवढ्यात बांगडी मनगटात गेली होती.

एकामागून एक हात पुढं आले. उन्हं वर आली तरी तो उठायचं नाव घेईना. शेवटी इरम्मानंच बोचकं बांधायला घेतलं.

"चला आता. सांगवीच्या बायका खोळंबल्या असतील."

"चल," तो म्हणाला, आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून उठला.